एकटीने ३० केले, तरी आयोवा हरलं कसं?

रविवार, ७ एप्रिल २०२४. आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते, म्हणजे साताऱ्यात सोमवारचा पहिला चहा झाला होता. मामाचा फोन आला. "अगं, तुमची ती पोरगी एकटी तीस करते आणि तरी हरता? बाकीच्या काय करत होत्या?"

मामाचा जन्म क्रिकेटमध्ये गेला. एकाने शतक ठोकलं आणि तरी मॅच गेली, तर उरलेल्या दहांच्या नावाने बोटं मोडायची हा त्याचा शिरस्ता. मोबाइलवर त्याला दिसलं होतं ते एवढंच : अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलची फायनल, साउथ कॅरोलायना ८७, आयोवा ७५, केटलिन क्लार्कचे ३०. तेवढ्या माहितीवर त्याचा प्रश्न रास्तच होता. मी उत्तर द्यायला लागले आणि दहा मिनिटांनी लक्षात आलं की हे फोनवर मावणारं नाही. म्हणून लिहून काढतेय.

पक्षपात कुठून येतो तेही सांगून टाकते. मी चौदा वर्षं सीडर रॅपिड्सला राहते. आयोवा विद्यापीठाचं गाव, आयोवा सिटी, इथून गाडीने अर्ध्या तासावर. या राज्यात पहिल्या फळीतल्या कुठल्याच व्यावसायिक खेळाचा संघ नाही, त्यामुळे लोकांचा सगळा जीव विद्यापीठाच्या पोरापोरींवर. किती जीव? २०२३च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या किनिक स्टेडियमवर मधोमध बास्केटबॉलचं कोर्ट टाकून एक मॅच झाली. साधी मैत्रीपूर्ण, सीझनमध्ये न धरली जाणारी. ती बघायला ५५,६४६ लोक आले. माझी लेक शाळेच्या टीममध्ये आहे. मी स्वतः शाळेत खो-खो खेळले. बास्केटबॉलचं जे काही कळतं ते बघून-बघून आणि एका वहीमुळे.

वहीत मी गुण लिहीत नाही. खेपा लिहिते.

खेप म्हणजे ज्याला इथे पझेशन म्हणतात ते. बॉल एका टीमच्या हातात आला की ३० सेकंदांच्या आत त्यांना शॉट घ्यावा लागतो. पुढे चारातलं एक काहीतरी होतं. बास्केट पडते. शॉट हुकतो आणि समोरच्या बॉल पकडतात. शॉट घेण्याआधीच बॉल हातचा जातो, त्याला टर्नओव्हर म्हणतात. नाहीतर फाऊल होऊन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे कोणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शॉट. काहीही झालं तरी मग बॉल समोरच्यांकडे. मला हे विहिरीवरून पाणी आणण्यासारखं दिसतं. एक खेप तुमची, एक त्यांची. घागर कधी भरून येते, कधी रिकामी, कधी वाटेत फुटते. आळीपाळीने जायचं असल्यामुळे दोघांच्या खेपा जवळजवळ सारख्याच होतात, एखाद-दुसरीचा फरक. म्हणून बास्केटबॉलमध्ये "कोणाला जास्त संधी मिळाली" हा प्रश्न वरवर बघता निरर्थक आहे. खरा प्रश्न एकच : खेपेमागे किती गुण?

हे कळलं की बऱ्याच बढाया गळून पडतात. त्या सीझनला आयोवा देशात सगळ्यात जास्त गुण करणारी टीम होती, मॅचमागे नव्वदच्या वर. आम्ही इथे तो आकडा छातीवर बिल्ल्यासारखा लावून हिंडत होतो. पण कोच लिसा ब्लूडर यांची टीम वेगाने खेळायची; बॉल मिळाला की पळत सुटायचं आणि दहा सेकंदांत शॉट. तसं खेळलं की तुमच्याही खेपा वाढतात आणि समोरच्यांच्याही. मामाला हे लगेच पटलं. दोनशे रन वीस षटकांत केले का पन्नास, हे न सांगता नुसतं "दोनशे केले" म्हणणाऱ्याला तोही घरात घेणार नाही. (आयोवाचा खेपेमागचा हिशोबही उत्तम होता, हे चाहती म्हणून नोंदवून ठेवते.)

आता खेप भरून कशी येते ते. डीन ऑलिव्हर नावाच्या अमेरिकन आकडेतज्ज्ञाने याची चार कारणं वेगळी काढली : शॉट किती चांगले पडतात, बॉल किती वेळा हातचा जातो, हुकलेला स्वतःचा शॉट किती वेळा परत पकडता येतो आणि फ्री थ्रो किती मिळतात. चौघांत शॉट सगळ्यात वजनदार. फ्री थ्रोचं वजन सगळ्यात कमी, आणि फायनलचं कोडं त्यात नाही, म्हणून ते इथेच सोडते.

शॉटचा हिशोब मात्र नीट बघायला हवा, कारण क्लार्कबद्दलचे सगळे वाद तिथे आहेत. रिंगणाच्या आतून मारलेल्या बास्केटचे २ गुण, ६.७५ मीटरवरच्या रेषेबाहेरून मारलेल्याचे ३. म्हणजे बाहेरची एक बास्केट आतल्या दीड बास्केटइतकी. मग नुसतं "इतक्यातले इतके पडले" म्हणून भागत नाही. बाहेरून पडलेल्या प्रत्येक बास्केटला अर्धी बास्केट जास्त धरायची आणि मग एकूण शॉटने भागायचं. शंभरात पन्नासच्या वर आलं तर रात्र चांगली गेली, चाळिशीत अडकलं तर घाम फुटला, असं ढोबळ समजा.

क्लार्कच्या त्या सीझनच्या तीन रात्री घेऊ. नोव्हेंबरमध्ये कॅन्सस स्टेटने आयोवाला आयोवाच्याच अंगणात ६५-५८ असं हरवलं. क्लार्कचे गुण २४. मथळ्यात २४ वाईट दिसत नाहीत. पण तिने ३२ शॉट घेतले आणि ९ पडले. त्यात बाहेरून १६ मारून २. हिशोब केला तर शंभरात ३१. एवढ्या खेपा एकीने रिकाम्या आणल्या तर टीम जिंकत नाही. आता १ एप्रिल, ऑल्बनी, समोर एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ), म्हणजे आदल्या वर्षी फायनलमध्ये आयोवाला १०२-८५ असं धुणारी टीम. क्लार्कचे २९ शॉट, १३ पडले, त्यातले ९ बाहेरून. गुण ४१, हिशोब शंभरात ६०. आयोवा ९४-८७ने जिंकलं. आणि ज्यावर मामाचा फोन आला ती फायनल : २८ शॉट, १० पडले, बाहेरून १३ मारून ५. शंभरात ४५ देखील भरत नाही.

म्हणजे मामा ज्या तीसला बाकीच्यांवर आरोप करण्याचं हत्यार समजत होता, ते तीस फार स्वस्तात आलेले नव्हते. त्यातले १८ पहिल्याच दहा मिनिटांत. आयोवाने १०-०ने सुरुवात केली, पहिल्या क्वार्टरअखेर २७-२० पुढे. आमच्या बेसमेंटमध्ये जमलेली मंडळी तेव्हा उभीच होती, कोणी बसायला तयार नव्हतं. पुढच्या तीस मिनिटांत क्लार्कचे १२. टीमचे ४८. साउथ कॅरोलायनाचे ६७.

पण तिला दोष देऊन मोकळं होण्याआधी एक गोष्ट, जी कुठल्याच रकान्यात येत नाही. क्लार्क रेषेच्याही दोन-तीन मीटर मागून मारते, त्यामुळे तिला तिथपासूनच अडवावं लागतं. एक नाही, बऱ्याचदा दोघी. कोर्ट तेवढंच, पोरी पाचच. दोघी तिकडे गुंतल्या की इकडे तिघींना चौघी सांभाळायच्या. मग आमच्या केट मार्टिनला मोकळा शॉट मिळायचा, हॅना स्टुएल्की बास्केटखाली एकटी सापडायची. सेमीफायनलला यूकॉनविरुद्ध, म्हणजे कनेटिकट विद्यापीठाविरुद्ध, हेच झालं : क्लार्क २१वर रोखली गेली, स्टुएल्कीने २३ केले, आयोवा ७१-६९ जिंकलं. त्या रात्री क्लार्कचा आकडा बघून "आज चालली नाही" म्हणणारा माणूस मॅच न बघता बोलत असतो. पडलेल्या एका शॉटमागे तो न घेणाऱ्या पोरीचाही हात असतो.

इथपर्यंत मामाला सगळं कळत होतं. पुढे मी "रिबाउंड" म्हणाले आणि तो हरवला.

हुकलेला शॉट रिंगला आपटून उडतो, तो पकडणं म्हणजे रिबाउंड. ऐकायला हमाली वाटते आणि आहेही. लेकीच्या प्रॅक्टिसला मी जिममध्ये बाकड्यावर बसलेली असते तेव्हा बघते. शॉट सुटला की बघणाऱ्या सगळ्यांच्या माना वर. कोच मात्र ओरडत असतात, "बॉलकडे बघू नका, माणूस शोधा!" समोरच्या टीमची जी पोरगी जवळ असेल तिला पाठीने शोधायचं, गुडघे वाकवून खुर्चीत बसल्यासारखं तिच्या मांडीवर टेकायचं, कोपरं बाहेर, आणि तिला बास्केटपासून मागे रेटत राहायचं. दीड सेकंद. मग बॉलकडे बघायचं. याला बॉक्स आउट म्हणतात. यात उंचीपेक्षा आधी वळण्याला महत्त्व आहे, असं कोच सांगतात. लेक घरी येते तेव्हा तिच्या बरगडीवर कोणाच्या तरी कोपराचा डाग असतो.

रिबाउंडचे प्रकार दोन आणि दोघांची किंमत वेगळी. समोरच्यांचा हुकलेला शॉट तुम्ही पकडलात तर त्यांची खेप संपली, तुमची सुरू झाली. ती तशीही तुमचीच पाळी होती. पण स्वतःचा हुकलेला शॉट स्वतःच पकडलात तर तुमची खेप संपतच नाही. घागर सांडली आणि विहिरीपाशीच पुन्हा भरून घेतली. दोन्ही टीमच्या खेपा सारख्या असतात असं मी वर म्हणाले, त्यातली पळवाट ही. खेपा सारख्याच राहतात, शॉट मात्र एका टीमला जास्त मिळतात.

फायनलमध्ये साउथ कॅरोलायनाने ५१ रिबाउंड पकडले, आयोवाने २९. त्यांची कमीला कार्डोसो, ब्राझीलची, सहा फूट सात इंच, एकटीनेच १७ घेतले आणि वर १५ गुण. फायनल फोरची, म्हणजे शेवटच्या चार टीमच्या टप्प्याची, सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. मग झालं की उत्तर : बावीस रिबाउंडने मागे पडलात, हरलात.

मीही त्या रात्री फोनवर हेच सांगून सुटका करून घेतली. फोन ठेवल्यावर वही चाळली आणि आदल्या वर्षीचं पान उघडलं. ३१ मार्च २०२३, डॅलस, सेमीफायनल. तीच आयोवा, तीच साउथ कॅरोलायना. साउथ कॅरोलायना त्या सीझनला ३६ खेळून ३६ जिंकून आलेली होती. रिबाउंड : साउथ कॅरोलायना ४९, आयोवा २५. चोवीसने मागे! आणि निकाल? आयोवा ७७, साउथ कॅरोलायना ७३.

तोच आजार, उलट जास्तच, आणि रोगी ठणठणीत. तेव्हा "रिबाउंडमुळे हरलो" हे उत्तर अपुरं आहे.

या कोड्यावर माझ्याआधी विचार केला तो आमच्या शेजारच्या आजींनी. ऐंशीच्या घरातल्या आहेत, शेतात वाढलेल्या, मॅच बघायला आमच्याकडे येतात. माझी लेक त्यांना आजीच म्हणते. त्यांनाही आता तो शब्द कळतो. त्या शाळेत असताना आयोवात मुली सहा-सहाचं बास्केटबॉल खेळायच्या. पाच नव्हे, सहा. तिघी फॉरवर्ड, तिघी गार्ड, आणि मधली रेषा कोणीही ओलांडायची नाही. बॉल हातात आला की दोनदाच आपटायचा, मग पास किंवा शॉट. फॉरवर्डनी फक्त बास्केट करायच्या, गार्डनी फक्त अडवायचं. मुलींना जास्त पळणं झेपणार नाही या समजुतीतून आलेला नियम, पण खेड्यापाड्यांत त्याचं वेड असं की राज्य स्पर्धेला डे मॉइनमध्ये हॉल गच्च भरायचा. हा प्रकार १९९३पर्यंत चालला. ब्लूडर यांच्या तेव्हाच्या सहायक आणि आताच्या मुख्य कोच जॅन जेन्सन त्याच मुशीतल्या. शाळेच्या शेवटच्या वर्षी मॅचमागे ६६ गुण करायच्या.

आजी गार्ड होत्या. "चार वर्षं खेळले, एकही बास्केट केली नाही," असं त्या सांगतात. तक्रार म्हणून नाही, साधी वस्तुस्थिती म्हणून. नियमच असा की त्यांना बास्केट करताच आली नसती. म्हणून त्या आमच्यासारखी मॅच बघत नाहीत. शॉट सुटला की आम्ही वर बघतो, त्या खाली, पाय कोण आधी वळवतं ते. १०-० झालं तेव्हा बेसमेंटमध्ये आरडाओरडा चालू होता आणि आजी गप्प. मी विचारलं तर म्हणाल्या, "आत्ता सगळे शॉट पडताहेत. हुकायला लागले की बघू."

यात सगळं आलं. रिबाउंडचा आकडा एकटा कधी वाचायचा नसतो. तो हुकलेल्या शॉटवर जगतो. तुमचे शॉट जितके हुकतील तितके समोरच्यांना पकडायला बॉल जास्त. आणि समोरच्यांचे स्वतःचे जितके हुकतील तितके त्यांना परत पकडायलाही जास्त. म्हणजे टीम भरपूर शॉट हुकवते म्हणूनही तिचे रिबाउंड भरपूर दिसू शकतात.

२०२३ला आयोवाने नेमकं हेच विकत घेतलं होतं. साउथ कॅरोलायनाकडे तेव्हा अलिया बॉस्टन आणि बास्केटखाली धष्टपुष्ट पोरींची फौज होती, पण बाहेरून मारणाऱ्या कमी. ब्लूडर यांनी ठरवलं : ज्या बाहेरून मारू शकत नाहीत त्यांना मोकळं सोडायचं आणि त्यामुळे रिकाम्या झालेल्या आपल्या पोरी बास्केटखाली गर्दी करायला वापरायच्या. रेव्हन जॉन्सन बाहेर बॉल घेऊन उभी होती आणि क्लार्कने तिच्याकडे पाठ फिरवून "मार खुशाल" असा हात झटकला, तो व्हिडिओ जगभर फिरला. मला तो प्रकार आवडला नव्हता, पण त्यामागचं गणित चोख होतं. साउथ कॅरोलायनाने बाहेरून २० मारले, ४ पडले. हुकलेले बॉल त्यांनी पुन्हापुन्हा पकडले, म्हणून रिबाउंड ४९. पण पकडून पुन्हा त्याच गर्दीत. इकडे क्लार्क ४१ करत होती. रिबाउंड हे आयोवाने त्या दिवशी मोजलेलं भाडं होतं. महाग, पण परवडलं.

वर्षभरात साउथ कॅरोलायनाच्या कोच डॉन स्टेली यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांच्या पहिल्या पाचही जणी पदवी घेऊन गेल्या. एखादी टीम दोन वर्षं रडली असती. स्टेलींनी ओरेगॉनहून ते-हिना पाओपाओला आणलं, जी बाहेरून डोळे मिटून मारते. तेसा जॉन्सन, मिलेशिया फुलवाइली या पहिल्या वर्षाच्या पोरी बेंचवर, म्हणजे बदली म्हणून, तयार केल्या. आणि रेव्हन जॉन्सन, जिच्याकडे पाठ फिरवली होती, ती वर्षभर तो हात विसरली नाही. फायनलमध्ये पूर्वार्ध संपता संपता तिने कोर्टाच्या मध्यावर क्लार्कच्या हातातून बॉल काढून घेतला, एकटी पळाली आणि लेअप, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळून मारायचा शॉट, टाकला. ४९-४६. त्या एका बास्केटचे गुण दोनच, पण आमच्या बेसमेंटमधले लोक तेव्हा बसले ते पुन्हा उठले नाहीत.

आता त्यांना बाहेर मोकळं सोडता येत नव्हतं. फायनलमध्ये साउथ कॅरोलायनाने बाहेरून १९ मारले, ८ पडले. सोडलं तर बाहेरून पडणार. अडवायला बाहेर गेलं तर आत कार्डोसोसमोर स्टुएल्की एकटी, पाच इंचांनी ठेंगणी. आदल्या वर्षी आत मोनिका झिनानो होती, जुनी, जाड हाडाची. ती पदवी घेऊन गेली होती. भाडं तेवढंच मोजलं, पण या वेळी त्या बदल्यात मिळालं काहीच नाही.

चारच्या जागी आठ पडले, म्हणजे चार जास्त. चार त्रिक बारा. आणि आयोवा हरलं बाराच गुणांनी. हे जुळलेलं पाहून मी वहीत खाली रेघ मारली होती, मग खोडली. इतकं सरळ नसतं. त्या चार खेपांत त्यांनी काहीच केलं नसतं असं थोडंच आहे, आणि दोन मॅचमध्ये बाकी शंभर गोष्टी बदललेल्या. पण मॅच कुठल्या दिशेने कलंडली ते कळायला एवढं पुरे.

"बाकीच्या काय करत होत्या" याचं माझं उत्तर मग असं : बाकीच्या बरंच काही करत होत्या, आणि या टीमने त्या सीझनला तिच्या कुवतीच्या कमाल मर्यादेवर खेळ केला. ३९ मॅच, ३४ जिंकल्या. हरलेल्या पाचांत कॅन्सस स्टेटचं सांगितलंच. ओहायो स्टेटविरुद्ध जादा वेळेत १००-९२, तेही क्लार्कचे ४५ असताना. नेब्रास्काविरुद्ध ८२-७९, जिथे शेवटच्या क्वार्टरमध्ये क्लार्कला एकही गुण करता आला नाही. इंडियानाविरुद्ध ८६-६९, जिथे काहीच चाललं नाही. आणि फायनल, अशा टीमविरुद्ध जी त्या सीझनला ३८ खेळून ३८ जिंकली. मला यातला एकच पराभव खरोखर लागतो तो नेब्रास्काचा. फायनलचा लागत नाही. चांगल्या टीमला जास्त चांगल्या टीमने हरवलं. क्लार्कला एक अडवत होती आणि तिच्या मागे अजून तयार होत्या.

आमच्याकडचे काही लोक अजून पंचांवर घसरतात. त्यात अर्थ नाही. यूकॉनच्या मॅचमध्ये शेवटच्या चार सेकंदांत त्यांच्या आलिया एडवर्ड्सवर पडलेला स्क्रीनचा, म्हणजे नियम मोडून आडवं येऊन वाट अडवल्याचा, फाऊल आमच्या बाजूने गेला, तेव्हा यातलं कोणी ओरडलं नव्हतं.

हे सगळं मी पुढच्या रविवारी मामाला सांगितलं. खेपा, घागर, भाडं, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं, मध्येच रिमोट घेऊन कुठली तरी आयपीएलची मॅच गप्प केली. मग म्हणाला, "ते झालं. पण मला एक सांग. पहिल्या दहा मिनिटांत अठरा आणि पुढच्या तीसमध्ये बारा. पोरगी दमली नसेल का? बदली खेळाडू नव्हता तुमच्याकडे?"

मी आठवडाभर त्या मॅचवर डोकं घालत होते आणि हे मला सुचलं नव्हतं, कारण माझ्या वहीत चार कारणांचे चार रकाने आहेत आणि दमण्याचा रकाना नाही. बास्केटबॉलमध्ये हवं तेव्हा, हव्या तितक्यांदा बदलता येतं. सेमीफायनल शुक्रवारी रात्री उशिरा संपली, फायनल रविवारी दुपारी. क्लार्क जवळजवळ पूर्ण वेळ कोर्टवर. मॉली डेव्हिसचा गुडघा मार्चच्या सुरुवातीला दुखावला, तिच्या जागी सिडनी ॲफोल्टर पहिल्या पाचात आली. म्हणजे बेंचवरची सगळ्यात कामाची पोरगी उचलून पुढे ठेवली आणि बेंच तेवढा पोकळ झाला. शॉट दमलेल्या पायांनी आखूड पडतो. हुकलेला शॉट समोरच्या ताज्या पायांच्या पोरी पकडतात. उत्तरार्धात आयोवाने अंतर कमी करत ८०-७५पर्यंत आणलं होतं, अजून मॅच हातात होती. तिथून पुढे आयोवाचा एकही गुण नाही. त्या वेळी आमच्या पोरी हात गुडघ्यांवर टेकून वाकलेल्या मला आठवतात. मी तेव्हा बॉलकडे बघत होते, म्हणून त्याचा अर्थ लावला नव्हता.

साउथ कॅरोलायनाच्या बेंचवरून आलेल्या पोरींनी त्या दिवशी ३७ गुण केले. एकट्या तेसा जॉन्सनचे १९, आणि ती अजून पहिल्या वर्षाला होती.

मामाला म्हणाले, थांब, आपला आकडा बघून सांगते. वही उघडली. बेंचचा रकाना मी दर मॅचला आखते, त्या पानावरही आखलेला आहे. त्यात शून्यसुद्धा लिहिलेलं नाही. चाळीस मिनिटांत तिथे पेन टेकवायची वेळच आली नव्हती.